खाटेवर पापड, खाली स्टोव्ह

मुलांनो, आमच्या शाळेत दर वर्षी जानेवारीत आनंद मेळावा भरतो. तुमच्याही शाळेत भरत असेल. मुलं खाऊचे स्टॉल लावतात, मुलंच विकतात, मुलंच हिशोब ठेवतात. आम्ही शिक्षक फक्त खातो!

गेल्या वर्षी चौथीच्या चार मुलांनी बटाटेवड्यांचा स्टॉल लावला. पुठ्ठ्यावर झोकात लिहिलं, 'गरमागरम वडे! मागाल तेव्हा, समोर तळून!' कल्पना झकास. पण शेगडी एक, कढई छोटी, एका घाण्यात जेमतेम सहा वडे. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. पाचव्या मिनिटाला तीस जणांची रांग लागली. तळायला एकाची आई आली होती, ती बिचारी घामाघूम. मागून आरडाओरडा सुरू झाला तशी मुलं अर्धेकच्चे वडेच हातात देऊ लागली. घंटा झाली तेव्हा अर्धा डबा भाजी उरली होती आणि चौघांची तोंडं एवढीशी झाली होती.

शेजारीच दोघी मुली मठ्ठा विकत होत्या. पाटीवर दोनच शब्द, 'थंड मठ्ठा'. रात्री घुसळून, सकाळी माठात भरून आणलेला. तिथं काम काय, तर पेल्यात ओतायचं. वीस मिनिटांत माठ रिकामा!

वडे काही वाईट नव्हते हं. (मी दोन खाल्ले, नशिबाने नीट तळलेले होते.) पाटीतही चूक नव्हती, शेगडीतही नव्हती. पाटीने जे कबूल केलं ते शेगडीला झेपत नव्हतं, इतकंच. मोठमोठ्या कंपन्यांचंही असंच होतं बरं का. आपण कोणता माल विकायचा, कुणाला विकायचा, पैसे कसे मिळवायचे, असा एक बेत प्रत्येक कंपनी ठरवते. आणि मग रोज सकाळी उठून प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्या दोन्हींचा मेळ बसला तर धंदा चालतो. नाही बसला तर वड्यांच्या स्टॉलसारखी गत होते.

हा मेळ कसा बसतो ते बघायला तुम्हाला लांब जायला नको. स्वयंपाकघरातल्या डब्यात पापडाचं पाकीट असेल तर घेऊन या. त्यातल्या त्यात लिज्जतचं असेल तर उत्तमच. तुमच्या आईबाबांना दूरदर्शनवरचा लिज्जतचा तो हसरा ससा नक्की आठवत असेल. तो बोलका ससा आपल्या रामदास पाध्यांचा. पण गंमत सशाची नाही, पाकिटावरच्या नावाची आहे. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. महिला, गृह, उद्योग. नाव वाचलं की सगळा बेत कळतो. बायकांनी, आपापल्या घरी, उद्योग करायचा.

गोष्ट १९५९ सालची. मुंबईत गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तिथं राहणाऱ्या सात गुजराती बायकांना वाटलं, दुपारचा वेळ रिकामा जातो, घराला चार पैशांचा हातभार लागला तर बरं. शिक्षण बेताचं. हाती कला एकच, स्वयंपाकाची. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले. उसने हं, देणगी नव्हे! १५ मार्च १९५९ रोजी गच्चीवर बसून त्यांनी पापड लाटले. पहिल्या दिवशी पाकिटं झाली चार. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने घेतली. या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कुणाकडून देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी हात पसरायचा नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. बेत तर पक्का होता. पण पाऊस आला! मुंबईचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पापड वाळेनात. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं. आता विचार करा, रोज हातभार लावण्यासाठी काढलेला उद्योग वर्षातले चार महिने बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी काय केलं असेल? एक खाट आणली, एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरले आणि स्टोव्ह पेटवून खाटेखाली ठेवला. बाहेर धो धो पाऊस, आत पापड खडखडीत! धंद्याची जाडजूड पुस्तकं मी काही वाचलेली नाहीत, पण बेताला कामाची जोड द्यायची म्हणजे काय हे मला या खाटेने जितकं समजावलं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

पुढची अडचण जागेची. तिसऱ्या वर्षाअखेर बायका तीनशेच्या वर गेल्या. सात घरांत त्या बसणार कुठे? मोठा कारखाना बांधायला पैसे नव्हते. मग असं ठरलं की मळलेलं पीठ प्रत्येकीने घरी न्यायचं, घरीच लाटायचं, वाळवायचं आणि पापड परत आणून द्यायचे. जागेच्या टंचाईतून निघालेली ही युक्ती, पण ती बेताला चपखल बसली. लहान मूल सोडून कारखान्यात जाणं जिला शक्य नव्हतं, तीही आता काम करू शकत होती.

इथं एक बारीक गोष्ट पाहा. पीठ घरी मळायला का नाही दिलं? तुमच्या आजीचे पापड आणि मावशीचे पापड चवीला सारखे असतात का? नसतात. एकीचा हात मिठाला सैल, दुसरीचा हिंगाला. शेकडो घरांत पीठ मळलं तर शेकडो चवी होतील. म्हणून लाटणं घरोघरी, पण मळणं शाखेतच. सगळ्या शाखांना लागणारा कच्चा मालही एका ठिकाणाहून घेतला जातो. मिरी केरळची, हिंग अफगाणिस्तानचा. शाखेत पीठ मळणाऱ्या, वजन करणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्याही बहिणीच. हो, तिथं सगळ्यांना बहीण म्हणतात. मुंबईत त्यांना न्या-आणायला संस्थेच्या छोट्या बसगाड्या असतात. तुमचं घर स्वच्छ आहे का, पापड वाळत घालायला जागा आहे का, हेही घरी येऊन पाहिलं जातं. आधी त्यांनी हलक्या प्रतीचे स्वस्त पापडही काढले होते. पण प्रतीत तडजोड करू नका, असा सल्ला छगनबापांनी दिला आणि तो त्यांनी मानला.

आता पैशांचं. इथं मला माझ्या घरचं थोडं सांगायचंय.

मी पाचवीत होते तेव्हा माझी आई आमच्या गावातल्या एका व्यापाऱ्यासाठी पापड लाटायची. मी आणि भाऊ पोळपाटाशेजारी बसून लाट्या तेलात बुडवून पळवायचो आणि लाटण्याचा प्रसाद खायचो. व्यापारी म्हणायचा, 'घरबसल्या काम, दर शनिवारी पैसे.' सुरुवातीला शनिवारी मिळालेही. पण तो दुकानदारांना माल उधार द्यायचा. दुकानदार महिन्याने, दोन महिन्यांनी पैसे देणार आणि मग तो आम्हाला देणार. त्या दिवाळीला आईचे सात आठवड्यांचे पैसे अडकले. शाळेच्या सहलीला मी गेले नाही. पोटात दुखतंय असं बाईंना सांगितलं. आईने लाटणं सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर अडकलेले पैसेही बुडाले असते. तो माणूस लबाड होता असं मला आता वाटत नाही. दर शनिवारी पैसे द्यायचे आणि माल विकायचा उधारीवर, हे जुळणार कसं? तुम्हीच वजाबाकी करून बघा.

लिज्जतच्या बहिणींनी हे गणित फार हुशारीने सोडवलं. पापड जमा केले, वजन झालं, की लाटणावळ रोजच्या रोज चुकती करण्याची पद्धत त्यांनी पाडली. रोज द्यायचे तर रोज यायलाही हवेत! म्हणून विक्रेत्यांना माल रोखीने. एक टोक बांधलं म्हणून दुसरंही बांधावं लागलं. आणि बहिणी नोकरदार नाहीत, मालकिणी आहेत. नफा झाला तर वाटून, तोटा झाला तर तोही वाटून. मोठा निर्णय सगळ्यांच्या संमतीने, एकीने नको म्हटलं तरी तो अडतो. पुरुष हिशोबनीस किंवा ड्रायव्हर म्हणून पगारी असतात, सभासद मात्र होऊ शकत नाहीत. (आमच्या वर्गातल्या मुलांना हे अजिबात पटलं नाही.)

वर्गात एकाने विचारलं, "बाई, पापड लाटायचं यंत्र मिळतं की! ते का नाही आणत?" प्रश्न चांगला होता. नुसते जास्तीत जास्त पापड काढायचे असते तर यंत्र केव्हाच आलं असतं. पण संस्था काढली ती बायकांना काम मिळावं म्हणून. यंत्र आलं तर पापड होतील, पण बहिणी काय करतील? आज सुमारे ४५ हजार बहिणी या कामात आहेत.

सगळंच काही गोड झालं असं नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा निघायला १९६८ साल उजाडलं, गुजरातमध्ये वालोडला. काड्यापेट्या, अगरबत्त्या, चामड्याच्या वस्तू असे उद्योगही करून पाहिले, ते चालले नाहीत आणि बंद करावे लागले. आणि लाटणं हे सोपं काम नव्हे. तासन् तास वाकून पाठ भरून येते, आणि जेवढं लाटाल तेवढेच पैसे. पोळपाटाशी बसून लाटायला आजच्या मुली किती दिवस तयार होतील, हाही प्रश्नच आहे. तुमच्या ताईला विचारून बघा.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. खाटेचं ऐकून हसली. यंत्राचं ऐकून काहीच बोलली नाही. लाटणावळीपाशी मात्र तिचा हात थांबला.

"रोजच्या रोज?" तिने विचारलं. "अगदी रोज?"

मी हो म्हटलं. तिने ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग तू गेली असतीस सहलीला."