किडनीतली प्रत्येक ‘गाठ’ कर्करोगाची नसते

मूत्रमार्गातल्या काही रचना आणि आजार सोनोग्राफीत हुबेहूब गाठीसारखे दिसतात. किडनीचा बाहेरचा थर कधी आत जाडसर शिरलेला असतो. त्याला ‘बर्टिनचा स्तंभ’ म्हणतात. डाव्या किडनीच्या कडेला कधी प्लीहेच्या दाबाने फुगवटा येतो. या दोन्ही गोष्टी निरुपद्रवी असतात. सीटी स्कॅनमध्ये शिरेतून औषध दिल्यावर हे भाग शेजारच्या निरोगी किडनीइतकेच उजळतात. तरीही शंका उरली, तर डीएमएसए स्कॅन कामी येतो. त्यातले द्रव्य किडनीच्या कार्यक्षम पेशी शोषून घेतात, कर्करोगाची गाठ घेत नाही.

काही आजारांमुळेही असा भास होतो. नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. शेतात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे निघून जाते, लघवी दाट होते आणि मुतखड्याला वाव मिळतो. खडा वर्षानुवर्षे अडून राहिला आणि त्यात जंतुसंसर्ग झाला, तर क्वचित झॅन्थोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस हा आजार होतो. किडनीत चरबीने भरलेल्या पेशी साठतात, ती फुगते, दाह शेजारच्या अवयवांपर्यंत पोचतो. रुग्णाला ताप येतो, वजन घटते. सीटीतही चित्र कर्करोगासारखेच दिसते. फाटे फुटलेला मोठा खडा आणि काम थांबलेली किडनी यांवरून अंदाज बांधता येतो, पण खात्री पॅथॉलॉजीच्या तपासणीतच होते.

क्षयरोगही असाच चकवतो. लघवीत पू असतो, पण साध्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. अशा वेळी सकाळच्या लघवीची सीबीनॅट ही क्षयाचे जंतू शोधणारी तपासणी करावी लागते.

मूत्राशयात मूत्रवाहिनीचे टोक कधी नागाच्या फण्यासारखे फुगते, त्याला युरेटेरोसील म्हणतात. रक्ताची गुठळीही गाठीसारखी दिसते, पण ती बहुधा कूस बदलताच सरकते. गाठ जागची हलत नाही. मात्र गुठळी भिंतीला चिकटलेलीही असू शकते आणि तिच्यामागे गाठ दडलेली असू शकते.

म्हणूनच याउलट चूक, म्हणजे खरी गाठ निरुपद्रवी समजणे, अधिक घातक ठरते. न दुखता लघवीतून रक्त गेले, तर ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः चाळिशीनंतर आणि तंबाखू-विडीचे व्यसन असल्यास दुर्बिणीतून मूत्राशय पाहणे आवश्यक असते. संशयास्पद भागाचा तुकडा तपासावा लागतो.

किनवट, देगलूर, उदगीर, निलंग्याहून नांदेड किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात जाताना जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. वर्षानुवर्षे न बदललेला फुगवटा बहुधा जन्माचाच असतो, तर वाढत गेलेल्या गाठीचा तपास लगेच करावा लागतो.