क्षयरोग आणि शरीरांतील लगाम

‘प्रतिकारशक्ति वाढवा’ हा उपदेश हल्लीं इतका स्वस्त झाला आहे कीं, अवलेहाच्या बरणीपासून बिस्किटांच्या पुड्यापर्यंत तो कोठेंही छापलेला आढळतो. शक्ति जितकी अधिक तितका रोग दूर, असें सरळ त्रैराशिक त्यामागें असतें. सर्दीपडशाच्या बाबतींत तें कितपत खरें आहे तें असो. क्षयाच्या बाबतींत मात्र हें गणित साफ चुकतें, आणि तें कां चुकतें हें सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेण्यासारखें आहे.

बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं रॉबर्ट कॉक यांनीं क्षयाचा जंतु जगापुढें मांडला. परंतु हा जंतु ज्याच्या शरीरांत शिरतो, त्या प्रत्येकास तो आजारी पाडीत नाहीं. जगांतील सुमारें एकचतुर्थांश लोकांस त्याचा संसर्ग होऊन गेलेला आहे, असा अंदाज आहे. त्यांपैकीं शेंकडा पांच ते दहा जणांसच आयुष्यांत केव्हां तरी प्रत्यक्ष रोग जडतो. बाकीच्यांच्या शरीरांत काय घडतें, हाच खरा प्रश्न.

श्वासाबरोबर जंतु फुप्फुसांत उतरला कीं तेथील भक्षक पेशी त्यास गिळतात. पण तो पचत नाहीं, उलट गिळणाऱ्याच्याच पोटांत बिऱ्हाड करितो. त्याची वर्दी लसिकाग्रंथींत पोंचून तेथें ‘टी’ नांवाच्या पेशी सज्ज होण्यास कित्येक आठवडे लागतात. मग त्या फुप्फुसांत येतात आणि जंतूंभोंवतीं पेशींचें कडें पडून गांठ तयार होते. कडें घट्ट राहिलें तर मनुष्य जन्मभर निरोगी राहूं शकतो. परंतु लढाई अनावर झाली तर गांठ आंतून कुजते, वितळते आणि फुप्फुसांत पोकळी पडते. या पोकळींत जंतु माजतात व खोकल्यावाटे बाहेर पडून दुसऱ्यांच्या घरांत शिरतात. ध्यानांत घेण्याची गोष्ट ही कीं, ही पोकळी जंतु एकटा पोखरीत नाहीं. आपल्याच पेशींनीं सोडलेलीं, मांस विरघळविणारीं द्रव्यें त्या कामांत पुढाकार घेतात. औषधानें जंतु नाहींसे झाल्यावरहि कित्येकांस दम लागत राहतो, तो याच नासाडीमुळें.

या लढाईस आवर घालणारें शरीरांत कोणी आहे काय? जपानमधील शिमोन साकागुची यांनीं १९९५ मध्यें दाखविलें कीं, टी-पेशींत एक वर्ग असा आहे कीं ज्याचें काम लढण्याचें नसून लढणाऱ्यांस आवरण्याचें आहे. त्या वेळीं ही कल्पना शास्त्रज्ञांत जवळजवळ टाकाऊ ठरली होती. २००१ मध्यें अमेरिकेंत मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनीं उंदरांच्या एका रोगट वंशावरून ‘फॉक्स-पी-३’ हें जनुक शोधून काढलें, आणि याच जनुकाच्या आज्ञेनें या नियामक पेशी घडतात, हें दोन वर्षांनीं उघड झालें. या तिघांस २०२५ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या मुलांत हें जनुक सदोष असतें, त्यांच्या संरक्षक पेशी त्यांच्याच आंतड्यांवर, कातडीवर व स्वादुपिंडावर तुटून पडतात. घरांतील भांडण विकोपास जाऊं न देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची किंमत एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस सांगावयास नकोच.

मग क्षयांत या पेशी आपल्या बाजूच्या कीं जंतूच्या? प्रथम जो पुरावा आला तो त्यांच्या विरुद्धच होता. क्षयी रोग्यांच्या रक्तांत व रोगग्रस्त जागीं त्या वाढलेल्या आढळल्या. २००७ मध्यें उंदरांवर झालेल्या प्रयोगांत त्या कमी केल्यावर फुप्फुसांतील जंतु घटले. २०१० मध्यें असेंहि दिसलें कीं, जंतूस ओळखणाऱ्या नियामक पेशी आरंभींच लसिकाग्रंथींत वाढून लढाऊ पेशींच्या प्रस्थानास विलंब लावितात. संथपणें वाढणाऱ्या या जंतूस एवढी सवड पुरेशी होते.

पण त्याच वर्षीं माकडांवरील अभ्यासाचा निष्कर्ष निराळाच निघाला. संसर्गापूर्वीं ज्यांच्या रक्तांत या पेशी अधिक होत्या, तींच माकडें पुढें बहुधा रोगावांचून राहिलीं. म्हणजे रोग्यांत त्या वाढलेल्या दिसतात, तें रोगाचें कारण नसून आगीच्या ठिकाणीं बंब जमावेत तसें असण्याचा संभव आहे. आम्हांस हाच अर्थ अधिक पटतो. दुसरा एक लगामहि याचीच साक्ष देतो. ‘पीडी-१’ या नांवाचा जो आवर टी-पेशींवर असतो, तो जन्मतःच नसलेले उंदीर क्षयानें इतरांहून लवकर मरतात. आणि कर्करोगावर हा आवर सोडविणारीं औषधें घेणाऱ्या कांहीं रोग्यांत दबलेला क्षय उफाळून आलेला आहे. उलट, संधिवातासारख्या विकारांत दाह शमविण्यासाठीं दिलेल्या एका औषधानेंहि क्षय जागा होतो, हें २००१ मध्यें दिसून आलें. लगाम फार ओढला तरी घात, आणि फार सैल सोडला तरी घात.

क्षयी मेंदूज्वरांत जंतुनाशकांच्या जोडीस दाह आवरणारें डेक्सामेथासोन दिल्यानें मृत्यु कमी होतात, हें व्हिएटनाममधील २००४ च्या अभ्यासांत सिद्ध झालें. नियामक पेशींसच हवें तेव्हां सैल व हवें तेव्हां घट्ट करणारें औषध मात्र क्षयाच्या नित्य उपचारांत अद्याप आलेलें नाहीं. तेथें भरंवसा महिनोन्महिने घ्यावयाच्या जंतुनाशकांवरच आहे.

तीं घेत असतांना एक प्रसंग घरच्यांस हमखास गोंधळांत पाडतो. मानेंतील गांठींचा क्षय असलेल्या कांहीं रोग्यांत, औषध सुरू झाल्यावर आठवड्यांनीं वा महिन्यांनीं गांठ लहान होण्याऐवजीं फुगते, क्वचित् नवीहि येते. औषध लागू पडत नाहीं असें समजून घरचीं माणसें तें बंद करावयास निघतात. पुष्कळदां ही सूज जंतूंची नसून, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडलेल्या आपल्याच पेशींची असते. ती जंतूंची कीं पेशींची, हें डॉक्टरांनीं तपासून ठरवावयाचें असतें. तोंवर गोळ्यांचा एकहि दिवस चुकूं देतां कामा नये.