वलवणचा पत्ता नक्की काय?

वलवणच्या धरणापाशी उभं असताना कुणी विचारलं, ‘राहता कुठे?’ तर तुम्ही काय सांगाल? सोपं वाटतंय ना? मग घरातले कागद काढून बघाच. नगरपरिषद लोणावळ्याची, तहसील वडगाव मावळला, जिल्हा पुणे. गाडीवर मात्र एमएच १४, म्हणजे आरटीओ पिंपरी-चिंचवडचं. पोलीस पुणे ग्रामीणचे. २०१८ साली झालेलं पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय काही इथवर पोचत नाही. आणि खासदार निवडताना? २००९पासून तुमचं मत घाटाखालच्या पनवेल, कर्जत, उरणबरोबर मोजलं जातं. ते रायगड जिल्ह्यात. १९८१पर्यंत याच जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं!

जुन्या मावळांची नावं नदीखोऱ्यांवरून पडली. पवनेचं ते पवन मावळ, आंद्रेचं आंदर मावळ. पण नदीची वाट तरी कुठे कायम राहते? वलवणचं पाणी मुळात पूर्वेचं. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात जाणारं. टाटांनी ते अडवलं आणि मोठ्या नळांमधून १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजकेंद्राकडे उतरवलं. तिथून ते पाताळगंगेतून अरबी समुद्राला मिळतं.

म्हणजे पाणी आणि मत दोन्ही घाट उतरतात, दाखला मात्र वडगावला! म्हणून अठरा पूर्ण होताच मतदार यादीत नाव घाला. पाण्याचा प्रश्न असो की रस्त्याचा, दार कुणाचं ठोठवायचं ते आधी नकाशावर बघा. नाहीतर हेलपाटे ठरलेलेच.