थकलेली पाणीपट्टी आणि हाडांचे दुखणे

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह धरणांचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवते. हातावर पोट असलेल्या घरात पाण्याचे बिल थकते, थकबाकी वाढते आणि शेवटी नळ तुटतो. मग घागर बोअरवेलकडे वळते. धोका तिथेच आहे.

जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड आढळते. लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराईड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात; प्रमाण बरेच जास्त असल्यास पुढे हाडे व सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. जडलेला आजार पूर्ण बरा होत नाही.

पाण्याचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपुढे जाऊ नये, असा संयुक्त राष्ट्रांचा निकष सांगितला जातो. दहा हजारांच्या मिळकतीत ते होतात ३०० रुपये. म्हणून गरजेपुरत्या पाण्याला कमी दर आणि थकबाकीला हप्ते हवेत. बिल थकल्यास नळ तुटण्याची वाट न पाहता हप्त्यांसाठी लेखी अर्ज करावा. बोअरचे पाणी प्यावेच लागत असेल, तर ते आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.