आरसा लडाखात, यंत्र आकाशभर

ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले इथे ‘मेस’ या गॅमा किरण दुर्बिणीचं उद्घाटन झालं, तेव्हा बातम्यांत झळकले ते मापांचे आकडे. २१ मीटर व्यासाचा आरसा, १,०८८ प्रकाशनळ्यांचा कॅमेरा, या जातीची आशियातली सर्वांत मोठी दुर्बीण. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ती देशातच उभारली, तेव्हा कौतुक व्हायलाच हवं. पण हिच्याकडून काय मिळणार याचा अंदाज बांधायचा असेल, तर आरशाच्या व्यासाआधी दुसरा आकडा पाहावा लागतो आणि तो बांधणीचा नाही, जागेचा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर. विश्वकिरणांच्या आणि गॅमा किरणांच्या अभ्यासात यंत्राचा मोठा भाग माणसाने घडवलेला नसतोच. तो हवेचा असतो, डोंगराचा असतो, कधी जमिनीखालच्या खडकाचा असतो. कारखान्यातून येतो तो शेवटचा छोटासा तुकडा. म्हणून कुठलं यंत्र मोठं या चढाओढीपेक्षा ते कुठे बसवलं आणि किती वर्षं न थांबता चालवलं, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

हवा पातळ वाटते खरी, पण आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याइतकं भरतं. एवढा जाड थर ओलांडून अंतराळातला गॅमा किरण जमिनीवर पोचत नाही. १९१२ मध्ये व्हिक्टर हेस बलूनमधून पाच हजार मीटरांच्या वर गेला, तेव्हा प्रारण उंचीबरोबर वाढताना दिसलं आणि त्याचा उगम पृथ्वीबाहेर आहे हे ठरलं. हेच विश्वकिरण. पुढे १९३०च्या दशकात लक्षात आलं की हवा हे किरण नुसते अडवत नाही, त्यांचा गुणाकारही करते. हे कसं घडतं याचं गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक होमी भाभा होते, दुसरे वॉल्टर हाइटलर. प्रचंड ऊर्जेचा गॅमा किरण हवेतल्या अणुकेंद्राजवळ आला की त्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती जोडी नवे गॅमा किरण सोडते, त्यांच्यापासून पुन्हा जोड्या होतात. पाहता पाहता एका किरणाचे हजारो कण होऊन खाली धावतात. हा कणवर्षाव. यातले कण प्रकाश हवेतून ज्या वेगाने जातो त्याहून वेगाने जातात, त्यामुळे एक निळसर चमक उमटते. तिला चेरेनकॉव्ह प्रकाश म्हणतात. ती जेमतेम काही अब्जांश सेकंद टिकते.

ही चमक पहिल्यांदा पकडली गेली १९५२ मध्ये, इंग्लंडातल्या हार्वेल इथे. गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी कचऱ्याच्या डब्यात २५ सेंटिमीटरचा आरसा आणि एक प्रकाशनळी बसवून तो आकाशाकडे तोंड करून ठेवला होता. एवढ्याशा डब्यात का भागलं? कारण एका वर्षावाचा प्रकाश जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पसरतो. त्या वर्तुळात दुर्बीण कुठेही असली तरी वर्षाव तिला दिसतो, म्हणजे किरण झेलण्याचं क्षेत्रफळ आरशाचं राहत नाही, वर्तुळाचं होतं, हजारो चौरस मीटरांचं. आरसा मोठा असला की फिकट चमकही टिपता येते, हे खरंच. पण झेलण्याचं काम हवाच करते.

इथे कुणी म्हणेल, हवेचा एवढा आधार घ्यायचाच कशाला? उपग्रह सोडा आणि किरण थेट पकडा. अमेरिकेचा ‘फर्मी’ उपग्रह २००८ पासून हेच करतो आहे आणि त्याने गॅमा आकाशाचा जो नकाशा दिला, तो जमिनीवरून कुणाला जमला नसता. अडचण संख्येची आहे. ऊर्जा वाढते तसे किरण झपाट्याने विरळ होतात. एकावर पंधरा शून्यं एवढे इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या आसपास विश्वकिरणांचा एखादा कण एका चौरस मीटरवर वर्षातून एकदा येतो. एकावर वीस शून्यांपाशी तर एका चौरस किलोमीटरवर शतकात जेमतेम एक. फर्मीचं झेलण्याचं क्षेत्र एका चौरस मीटरच्या घरातलं आहे. म्हणूनच अर्जेंटिनातल्या पिएर ऑजे वेधशाळेने ३,००० चौरस किलोमीटर माळरानावर पाण्याच्या सोळाशेहून अधिक टाक्या दीड-दीड किलोमीटर अंतराने मांडल्या. कुठलाही अग्निबाण एवढं क्षेत्र वर नेणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हवा यंत्राचा भाग मानली तर ते यंत्र आपल्या ताब्यात कुठे आहे? वर्षाव पाहून मूळ किरणाची ऊर्जा सांगायची ती संगणकावरच्या प्रतिरूपाच्या भरवशावर, मग हे मोजमाप की अटकळ? हा संशय पोकळ नाही, आणि या शाखेचा इतिहासच त्याची साक्ष देतो. अॅरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेत दहा मीटरची दुर्बीण १९६८ मध्ये उभी राहिली. कर्क तारकामेघातून येणारे गॅमा किरण तिने निःसंशय दाखवले ते १९८९ मध्ये. एकवीस वर्षं कुणी हातावर हात धरून बसलं नव्हतं. अडचण अशी की एका गॅमा किरणामागे हजाराहून अधिक प्रोटॉन येतात आणि तेही वर्षाव करतात. गॅमाच्या वर्षावाचा ठसा निमुळता आणि आटोपशीर उमटतो, प्रोटॉनचा विस्कटलेल्या केरसुणीसारखा. ठशाच्या लांबी-रुंदीवरून दोन्ही वेगळे कसे करायचे, हे मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये प्रतिरूपांवरूनच दाखवलं. म्हणजे ज्या प्रतिरूपांवर शंका घ्यायची त्यांनीच कोंडी फोडली. तेव्हापासून जगभरच्या दुर्बिणी कर्क तारकामेघावर आपली मापं पडताळतात. स्वतंत्र यंत्रांची उत्तरं जुळत असतील, तर त्याला अटकळ म्हणता येत नाही. अतिप्रचंड ऊर्जेच्या विश्वकिरणांबाबत मात्र संशय अजून फिटलेला नाही. ऑजेच्या टाक्यांत प्रतिरूपं सांगतात त्यापेक्षा जास्त म्यूऑन नावाचे कण सापडतात आणि त्याचं पटेलसं कारण कुणी दिलेलं नाही.

जागेच्या बळावर किती मोठं काम होतं, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरांहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडातलं डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाने १९६५ मध्ये वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो नावाचे कण टिपले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतही ते टिपले गेले. खाली बसवलेली उपकरणं फार दांडगी नव्हती. बाकीचे सगळे कण गाळून काढणारा खडक हेच तिथलं खरं उपकरण होतं. २००१ मध्ये खाण बंद झाली. उपकरणं दुसरीकडे हलवता येतात, दोन किलोमीटर खडक हलवता येत नाही.

हीच टाटा मूलभूत संशोधन संस्था उटीला सुमारे २,२०० मीटर उंचीवर ‘ग्रेप्स-३’ चालवते. चारेकशे शोधक आणि ५६० चौरस मीटरांचा म्यूऑन मोजणारा विभाग. चीनच्या सिचुआनमधल्या ‘लासो’ वेधशाळेने ४,४०० मीटरांवर चौरस किलोमीटरहून मोठी जागा व्यापली आहे आणि २०२१ मध्ये आकाशगंगेतले डझनभर अतिऊर्जावान गॅमा स्रोत जाहीर केले. मग उटीचं प्रयोजन काय उरलं? लासोशी तिच्याच खेळात बरोबरी उटीला होणार नाही, हे आधी मान्य करावं. पण उटीचा म्यूऑन विभाग मिनिटाला सुमारे पंचवीस लाख म्यूऑन मोजतो, आणि तेही वर्षानुवर्षं. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात हा आकडा सुमारे दोन टक्क्यांनी उतरला. ढगातल्या विद्युतदाबाने म्यूऑनांची ऊर्जा बदलली होती. त्या घसरणीवरून हिशेब केला तेव्हा दाब निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट, बलूनमधून आधी मोजलेल्या कमाल दाबाच्या जवळपास दहापट. गडगडाटी ढगांत एवढा दाब असू शकेल असं सी. टी. आर. विल्सन यांनी १९२९ मध्ये म्हटलं होतं. दोन टक्क्यांची घसरण ओळखायची, तर रोजची मोजणी त्याहून कितीतरी स्थिर असावी लागते, आणि तसा स्थिरपणा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच येतो. क्षेत्रफळ वाढवून तो मिळत नाही.

आता हानलेकडे. उंचीवर वर्षावाचा प्रकाश अधिक दाट मिळतो, त्यामुळे वीस-तीस अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे मंद किरणही मेसच्या आवाक्यात येतात. याचं महत्त्व असं की दूरच्या दीर्घिकांतून येणारे जास्त ऊर्जेचे गॅमा किरण वाटेतल्या ताऱ्यांच्या प्रकाशाशी टकरून नाहीसे होतात, कमी ऊर्जेचे निभावतात. त्यामुळे आवाका खाली सरकला की विश्वात आणखी दूरवर पाहता येतं. माउंट अबूच्या ‘टॅक्टिक’ दुर्बिणीचं काम पावसाळा रोखतो, हानलेत पाऊसच नगण्य. शिवाय अशाच दुर्बिणी असलेल्या अॅरिझोनात दिवस असतो आणि कॅनरी बेटांवर अजून अंधार पडायचा असतो, तेव्हा हानलेत रात्र झालेली असते. काही तासांत भडकून विझणाऱ्या स्रोतासाठी हे रेखांश आरशाच्या दोन-चार जादा मीटरांपेक्षा मोलाचे आहेत.

उणीव आहे ती वेगळीच. मेस एकटी आहे. आरशाजवळून गेलेला एकटादुकटा म्यूऑन मंद गॅमा किरणासारखा ठसा उमटवू शकतो, आणि ही गफलत सर्वांत जास्त होते ती नेमकी त्या कमी ऊर्जेच्या पट्ट्यात, ज्यासाठी एवढ्या उंचीवर जायचा खटाटोप केला. नामिबिया, कॅनरी बेटं आणि अॅरिझोना, तिन्हीकडे एकाहून अधिक दुर्बिणी एकच वर्षाव पाहतात. जवळचा म्यूऑन दोघींना एकदम दिसत नाही, त्यामुळे तो सहज वगळता येतो. मेसच्या कॅमेऱ्यावर पुढे खर्च करायचा की नव्या जागेवर नवी दुर्बीण उभारायची, अशी निवड आली तर पैसा हानलेतच लावावा. पहिल्यापासून शंभरेक मीटरवर दुसरा आरसा उभारावा. तो याहून मोठा असण्याची गरज नाही.