खेळनिर्मितीचे सॉफ्टवेअर: सूचना आणि परवाने

गेम इंजिन

मोबाइलवरचा किंवा संगणकावरचा खेळ सहसा शून्यापासून लिहिला जात नाही. चित्र उमटवणे, टक्कर ओळखणे, आवाज वाजवणे, स्पर्श टिपणे ही प्रत्येक खेळाला लागणारी कामे गेम इंजिन करते. युनिटी, अनरियल, गोदो ही त्यांतली प्रमुख नावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) अनरियलवर घडला. इंजिनातली उणीव त्यावर बेतलेल्या प्रत्येक खेळात उतरते, म्हणून वापरकर्त्यांच्या सूचनांना येथे विशेष वजन आहे.

देवनागरीची अडचण

जामखेड तालुक्यातील खर्डा येथे १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या लढाईवरच्या खेळात पडद्यावर 'खर्डा किल्ला' हे दोनच शब्द उमटवायचे आहेत, असे धरू. संगणक 'कि' साठवताना आधी क आणि मग वेलांटी साठवतो. दाखवताना मात्र वेलांटी डावीकडे यावी लागते. 'र्डा' मधला र रफार होऊन ड वर चढतो, 'ल्ला' चे जोडाक्षर होते. ही पुनर्रचना करणारा भाग इंजिनात नसेल, तर वेलांटी क च्या उजवीकडे पडते, र चा पाय मोडलेला दिसतो आणि जोडाक्षर सुटते. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच उणीव होती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० मध्ये हार्फबझ या मुक्त अक्षरजुळणी प्रणालीच्या आधाराने ती दूर झाली. याचा लाभ मराठीबरोबर अरबीलाही झाला.

सूचनेची मांडणी

'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याने विकासकाच्या हाती काही लागत नाही. गोदोच्या प्रस्ताव-नमुन्यात आधी चालू प्रकल्प आणि त्यात आलेली अडचण विचारली जाते, उपाय त्यानंतर. सुचवलेले काम चार ओळींच्या स्क्रिप्टने भागेल का, ते मूळ इंजिनातच का हवे, वेगळी जोडणी (ॲड-ऑन) म्हणून का चालणार नाही, असेही प्रश्न असतात. हा क्रम योग्यच आहे. इंजिनात आलेली प्रत्येक सोय पुढे कायम सांभाळावी लागते.

परवान्याचा संबंध

सूचना कोण अमलात आणू शकतो, हे परवाना ठरवतो. गोदो २०१४ पासून एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे. शुल्क नाही, आणि जाणकार वापरकर्ता दुरुस्ती स्वतः लिहून पाठवू शकतो. अनरियलचा स्रोत (मूळ कोड) पाहता व बदलता येतो, पण खेळाचे एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढे गेले की साधारणपणे ५ टक्के स्वामित्वधन द्यावे लागते. युनिटीच्या सामान्य परवान्यात स्रोत बदलता येत नाही. तेथे सूचना म्हणजे कंपनीकडे केलेली मागणी.

प्रति-इन्स्टॉल शुल्क

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने ठराविक मर्यादेपलीकडे खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. फुकट वाटलेल्या खेळाला उत्पन्न थोडे आणि इन्स्टॉल लाखो असू शकतात, म्हणून जगभरच्या निर्मात्यांचा आक्षेप रास्त होता. खरी चीड मात्र आधीच प्रसिद्ध झालेल्या खेळांनाही नवी अट लागू होण्याची होती. दहाच दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या आणि वापरात असलेल्या आवृत्तीच्या अटींवर राहण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळांवरचे ते शुल्क पूर्ण रद्द झाले.

मर्यादा

मुक्त परवान्यानेही सगळे सुटत नाही. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांची साधने गोपनीयतेच्या करारांनी बांधलेली असल्याने ती गोदोच्या खुल्या स्रोतात घालता येत नाहीत. कन्सोलवर खेळ नेण्यासाठी बहुधा वेगळ्या व्यावसायिक संस्थेची मदत घ्यावी लागते.