राजकन्येचे अद्वैत

ग्रीसची राजकन्या आयरीन हिचा जन्म १९४२ साली केपटाऊनचा. हिटलरच्या फौजांनी ग्रीस घेतला तेव्हा राजघराणे दक्षिण आफ्रिकेच्या आश्रयाला गेले होते. राजकन्येचे धर्मपिता झाले तिथले पंतप्रधान जॅन स्मट्स, काळ्यांना गोऱ्यांपासून दूर ठेवणाऱ्या राजवटीचे प्रमुख! निर्वासितांतही राजा कोणाच्या पंगतीला बसतो, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

१९६७ साली ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. आयरीनचा भाऊ राजा कॉन्स्टंटाइन याचा उलटा उठाव फसला आणि घराणे पुन्हा परदेशी गेले. लष्करशाही कोसळल्यावर ८ डिसेंबर १९७४ रोजी जनतेला विचारण्यात आले. शंभरातल्या ६९ जणांनी सांगितले, राजा नको.

सिंहासन गेल्यावर मायलेकी कुठे आल्या? मद्रासला! राजमाता फ्रेडरिका प्रा. टी. एम. पी. महादेवन यांच्याकडे अद्वैत वेदान्त शिकू लागल्या, आयरीनही त्यातच रमल्या. सर्व काही एकच ब्रह्म आहे, हे पदच्युतांना गोड वाटले असेल. पण सगळ्यांत एकच ब्रह्म असेल तर त्यातून समाजात समता का आली नाही, हा बाबासाहेबांचा सवाल आहे. मद्रासच्या चेरीत राहणाऱ्या आमच्या बांधवांना अद्वैताने विहिरीचे पाणी दिले नाही. राजकन्येने हा सवाल कोणा आचार्याला केल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढे त्या माद्रिदला बहिणीकडे, स्पेनच्या राणीकडे राहिल्या. १९८६ साली त्यांनी सेवाभावी संस्था काढली. युरोपात दूध जादा झाले म्हणून मारल्या जाणाऱ्या गायी या संस्थेने भारतात पाठवल्या. हेतू चांगला असेल. पण गायीवर दया करणाऱ्यांचा या देशात कधीच तुटवडा नव्हता, तुटवडा होता तो माणसाचा!

ग्रीसने १९९४ साली कायदा करून राजघराण्याची मालमत्ता घेतली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये आयरीन यांना ९ लाख युरो भरपाई ठरवली. त्याच कायद्याची दुसरी अट आम्हाला अधिक मोलाची वाटते. नागरिक व्हायचे तर प्रजासत्ताक मान्य करा आणि इतरांसारखे आडनाव लावा. आमच्या घटनेचे १८ वे कलम किताब रद्द करते, ग्रीसची १९७५ ची घटनाही तेच करते. तरी कॉन्स्टंटाइन अखेरपर्यंत आडनावाला राजी झाला नाही. तो २०२३ मध्ये वारला. पुढच्या वर्षी डिसेंबरात आयरीनच्या भाचरांनी अट मानली, प्रजासत्ताक मान्य केले आणि आडनाव निवडले ‘द ग्रेस’. हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ होतो ‘ग्रीसचे’.